विश्लेषण : खोडदच्या दुर्बिणीने केलेली आकाशाची मोजणी काय सांगते? ती चुकली तर काय बिघडते?

जाफराबाद तालुक्यातल्या कोणत्याही गावात बांधावरून भावकीत वाद पेटला की शेवटी सगळे 'मोजणी आणा' यावरच येतात. भूमी अभिलेख कार्यालयात शुल्क भरायचे, तारखेची वाट पाहायची. मग भूकरमापक येतो आणि नकाशातल्या जुन्या खुणा जमिनीवर सापडतात का ते आधी तपासतो. आकाशाचीही अशीच मोजणी होते. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे असलेल्या 'जीएमआरटी' या महाकाय रेडिओ दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात आकाशाचा जवळपास ९० टक्के भाग पाहिला आणि त्यातून सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ-स्रोतांची यादी तयार झाली. जाफराबादहून दिसणाऱ्या आकाशापैकी दक्षिण क्षितिजालगतचा पट्टा वगळला, तर बाकी सगळे या यादीत आले आहे. पण अशा यादीत किती नोंदी आहेत यापेक्षा त्यातल्या किती खऱ्या आहेत, हा प्रश्न खगोलशास्त्रात जास्त गाजला. त्या वादात एक मराठी संशोधक अगदी विद्यार्थिदशेत उतरला होता.

रेडिओ-स्रोत म्हणजे नेमके काय?

आपण डोळ्यांनी पाहतो ते बहुतेक तारे रेडिओ दुर्बिणीला जवळजवळ दिसतच नाहीत. तिला दिसतात त्या वेगळ्याच वस्तू. फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष, वेगाने गरगरणारे स्पंदक आणि मुख्य म्हणजे दूरच्या दीर्घिका. अशा दीर्घिकांच्या केंद्रातील कृष्णविवराजवळून पदार्थाचे दोन झोत विरुद्ध दिशांना लाखो प्रकाशवर्षे फेकले जातात. त्या झोतांतील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जाऊन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी सोडतात. याचा सुगावा अमेरिकेत कार्ल जान्स्की या अभियंत्याला १९३२ च्या सुमारास लागला. दूरध्वनी सेवेत खरखर कुठून येते हे तो शोधत होता. त्यातली काही खरखर आकाशगंगेतून येत असल्याचे निघाले. पुढे १९३७ मध्ये ग्रोट रेबर या हौशी माणसाने घरामागच्या मोकळ्या जागेत तबकडी उभारली आणि रेडिओ आकाशाचे पहिले नकाशे काढले.

या स्रोतांना नावे कशी देतात?

सुरुवातीला राशीवरून. वृषभेतला सर्वात तेजस्वी स्रोत 'टॉरस ए', कन्येतला 'व्हर्गो ए'. संख्या वाढली तशी ही पद्धत अपुरी पडली आणि क्रमांक आले. केंब्रिज विद्यापीठाची तिसरी यादी (थ्री सी) १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ४७१ नोंदी होत्या. हिवाळ्याच्या रात्री जाफराबादच्या जवळजवळ डोक्यावरून जाणारा क्रॅब तेजोमेघ हा त्या यादीतील १४४ वा. कृष्णविवराचे जे पहिले छायाचित्र २०१९ मध्ये जगभर झळकले, ती दीर्घिका २७४ वी. तिच्या आधीचा २७३ क्रमांक हा पहिला ओळखला गेलेला क्वेसार. १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी त्याचे अंतर काढले, तेव्हा ताऱ्यासारखा दिसणारा हा ठिपका अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असल्याचे कळले.

नव्या याद्यांत क्रमांकच पत्ता असतो. 'टीजीएसएस जे१५३०+१०४९' या नावातील पहिले चार अंक म्हणजे १५ तास ३० मिनिटे, ही आकाशातील पूर्व-पश्चिम जागा. पुढचे अंक म्हणजे आकाशातील विषुववृत्तापासून उत्तरेला १० अंश ४९ कला. गट नंबर वाचून तलाठ्याला शेत कुठल्या शिवेला आहे ते कळते, तसे हे नाव वाचले की दुर्बीण कुठे वळवायची ते कळते.

मोजणी चुकली तेव्हा काय झाले?

तिसऱ्या यादीच्या आधी, १९५५ मध्ये केंब्रिजच्याच मार्टिन राइल यांच्या गटाने दुसरी यादी जाहीर केली होती. तिच्यात १९३६ स्रोत होते. तेवढ्यात ऑस्ट्रेलियात बर्नार्ड मिल्स यांच्या गटाने आकाशाचा तोच काही भाग स्वतंत्रपणे मोजला. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर नोंदी जुळेनात. कारण साधे होते. दूरच्या वाडीतले पाच-सहा दिवे रात्री माळावरून पाहिले तर एकच दिवा वाटतो. केंब्रिजच्या दुर्बिणीची नजर तेवढी बारीक नव्हती; अनेक मंद स्रोत एकत्र मिसळून एकेक तेजस्वी स्रोत असल्याचा भास होत होता. यादीतील बहुसंख्य नोंदी खोट्या ठरल्या.

याचा गवगवा होण्याचे कारण असे की राइल त्या यादीवरून विश्वाच्या उत्पत्तीबद्दल बोलत होते. त्यामागचे गणित शाळेतल्या मुलालाही समजेल. समजा स्रोत सगळीकडे सारखेच पसरलेले आहेत. दुप्पट अंतरापर्यंत पाहिले तर आठपट आकारमानाची जागा नजरेखाली येते आणि दुप्पट अंतरावरचा स्रोत चौपट मंद दिसतो. म्हणजे चौपट मंद स्रोतांपर्यंत मोजत गेले तर संख्या आठपट व्हायला हवी. प्रसरण पावणाऱ्या पण कायम एकाच रूपात राहणाऱ्या विश्वात ती आठपटीहून थोडी कमीच भरायला हवी. राइल यांच्या मोजणीत ती जास्त भरली. मंद म्हणजे दूरचे आणि दूरचे म्हणजे भूतकाळातले, कारण त्यांच्या लहरी निघून फार काळ झालेला असतो. तेव्हा पूर्वी रेडिओ-स्रोत आजच्यापेक्षा दाट होते, विश्व बदलत आले आहे, आणि विश्व सदासर्वकाळ सारखेच राहते असे सांगणारा फ्रेड हॉइल यांचा स्थिरस्थिती सिद्धांत चुकीचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

दुसऱ्या यादीची फजिती झाल्यावर हॉइल निश्चिंत झाले असावेत. पण १९६१ च्या फेब्रुवारीत राइल सुधारलेली मोजणी घेऊन पुन्हा उभे राहिले, तेही पत्रकार परिषद घेऊन. त्याला उत्तर देण्यासाठी रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत हॉइल यांच्या वतीने उभा राहिला तो त्यांचा विद्यार्थी, कोल्हापूरला जन्मलेला २२ वर्षांचा जयंत नारळीकर. त्यांचा युक्तिवाद असा होता की स्रोत सारखे पसरलेलेच नाहीत. त्यांचे मोठमोठे पुंजके आहेत आणि आपण अशा जागी असू की जवळचे स्रोत थोडे कमी भरतात. मग मंद स्रोतांची संख्या आपोआप जास्त वाटेल. विश्वातील दीर्घिकांचे महापुंजके पुढे खरोखरच सापडले. त्या काळी ही कल्पना फारशी कोणी मनावर घेत नव्हते, हे नारळीकरांच्या बाजूने सांगायलाच हवे.

मूळ वादात मात्र राइल बरोबर निघाले. पहिली मोजणी चुकीची असूनही तिच्यावरून काढलेल्या निष्कर्षाची दिशा योग्य होती, असा प्रकार विज्ञानातही क्वचितच घडतो. विश्वाला व्यापून असलेले सूक्ष्मलहरींचे प्रारण १९६५ मध्ये जाहीर झाल्यावर स्थिरस्थिती सिद्धांत आणखी मागे पडला. यात भारतातूनही भर पडली. गोविंद स्वरूप यांनी उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद रेडिओ दुर्बीण उभारली होती. चंद्र एखाद्या स्रोतासमोरून जाताना लहरी कशा तुटतात ते पाहून ती स्रोताचा आकार मोजत असे. स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ मध्ये मंद स्रोतांच्या आकारांची जी मोजमापे प्रसिद्ध केली, त्यांनीही बदलत्या विश्वाच्या बाजूनेच कौल दिला. स्वरूप टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि १९७२ मध्ये भारतात परतलेले नारळीकरही त्याच संस्थेत. नारळीकरांनी महास्फोटाचा सिद्धांत अखेरपर्यंत पूर्णपणे मान्य केला नाही. मतभेद असलेल्या या दोघांनी पुण्यात एकाच विद्यापीठाच्या आवारात शेजारी-शेजारी संस्था वाढवल्या, स्वरूप यांनी 'एनसीआरए' आणि नारळीकरांनी 'आयुका'.

खोडदची मोजणी कशी झाली?

महाराष्ट्रात रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात कल्याणला झाली. ऑस्ट्रेलियातून भेट मिळालेल्या, जेमतेम १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या जोडून स्वरूप यांनी १९६५ मध्ये तेथे सूर्याचा अभ्यास सुरू केला. खोडदला आज ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांतील १४ साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये आणि बाकीच्या १६ इंग्रजी 'वाय'च्या तीन फाट्यांवर, द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांमधून पसरलेल्या. टोकापासून टोकापर्यंत अंतर २५ किलोमीटर. तबकडी भरीव पत्र्याची केली असती तर वाऱ्याच्या दाबाने आणि वजनाने खर्च आवाक्याबाहेर गेला असता. म्हणून ताणलेल्या तारांवर बारीक पोलादी जाळी बसवली आहे. लांब लहरींना जाळीची छिद्रे जाणवतच नाहीत.

या सर्वेक्षणासाठी १५० मेगाहर्ट्झ वारंवारता निवडली गेली. एफएम रेडिओचा पट्टा १०८ ला संपतो, त्याच्या थोडे पुढे. तेथे लहरीची लांबी दोन मीटर असते. एवढ्या लांब लहरीला एकटी तबकडी फार अंधूक पाहते. पूर्ण चंद्राच्या सहापट रुंदीचा आकाशाचा तुकडा तिला एकच वाटतो. राइल फसले ते याच दोषाने. त्यावर उपायही राइल यांच्याच गटाने विकसित केला आणि त्यांना १९७४ चे नोबेल मिळाले. दूर-दूरच्या तबकड्यांचे संकेत दोन-दोनच्या जोड्यांनी जुळवायचे. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात आणि त्यांतून जणू २५ किलोमीटर रुंदीची एकच दुर्बीण तयार होते. नजर २५ विकलांपर्यंत बारीक होते. रुपयाचे नाणे पावणेदोनशे मीटरवरून जेवढे दिसेल, तेवढा हा कोन.

सर्वेक्षणात आकाशाचे पाच हजारांहून जास्त तुकडे पाडले गेले. प्रत्येक तुकड्याला सुमारे १५ मिनिटे, तीही एकदम न देता थोड्या थोड्या वेळाने. पृथ्वी फिरते तशी तबकड्यांची मांडणी आकाशाच्या दृष्टीने बदलत जाते आणि चित्र जास्त भरीव होते. एकूण निरीक्षणाचा काळ सुमारे दोन हजार तास. खोडदच्या तबकड्या क्षितिजापासून १७ अंशांपेक्षा खाली वाकत नाहीत, म्हणून दक्षिणेला उणे ५३ अंशांवर मोजणी थांबली.

निरीक्षण २०१२ मध्ये संपले, पण पूर्ण यादी जगासमोर आली २०१६ मध्ये. मधल्या काळात जीएमआरटीच्या मूळ चमूने काही भाग टप्प्याटप्प्याने जाहीर केले. खरी अडचण निरीक्षणानंतरच्या कामात होती. पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबर लांब लहरींना हेलकावे देते, वाहत्या पाण्याच्या तळातला खडा हलताना दिसावा तसे. आपण विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ असल्याने येथे हा त्रास युरोपपेक्षा जास्त. हुइब इंटेमा यांनी प्रत्येक दिशेने होणारे हेलकावे वेगवेगळे मोजून काढून टाकणारी संगणकप्रणाली तयार केली होती. त्यांनी प्रेशांत जगन्नाथन, कुणाल मुळे आणि डेल फ्रेल यांच्यासह खोडदच्या साठवलेल्या सगळ्या नोंदी तिच्यातून काढल्या. कच्च्या नोंदी जपून ठेवलेल्या आणि खुल्या होत्या म्हणूनच हे शक्य झाले. मोजणीपेक्षा मोजणीचे दप्तर सांभाळणे कधी कधी जास्त मोलाचे ठरते.

दुसऱ्या यादीची चूक टाळण्यासाठी नियम कडक ठेवले गेले. पार्श्वभूमीच्या गोंगाटाच्या सातपट तेज असेल तरच नोंद. चित्रात कोट्यवधी ठिपके असतात. अट ढिली ठेवली तर निव्वळ योगायोगाने उजळलेले ठिपकेही 'दीर्घिका' म्हणून यादीत घुसतात. तेजाचे माप लावायला मात्र जुन्याच खुणा वापरल्या. तिसऱ्या केंब्रिज यादीतील ४८, १४७, २८६ यांसारखे, तेज नीट ठाऊक असलेले स्रोत. भूकरमापकाने बांधावरचा जुना दगड शोधून तेथून साखळी टाकावी, तसे.

या मोजणीतही चूक निघाली का?

निघाली. ठिकाणे बिनचूक होती, घोळ होता तो तेजाच्या मापात. कर्त्यांनी स्वतःच सुमारे १० टक्के अनिश्चितता नोंदवली होती. पण पुढे इतरांनी ही यादी दुसऱ्या सर्वेक्षणांशी ताडून पाहिली तेव्हा आकाशाच्या काही पट्ट्यांत माप सलगपणे जास्त, तर काही पट्ट्यांत कमी लागल्याचे दिसले. परिणाम गंमतीदार होता. माप जास्त लागलेल्या भागात मंद स्रोतही सातपटीची अट ओलांडून यादीत येतात, कमी लागलेल्या भागात वगळले जातात. त्यामुळे अमेरिकेतील 'एनव्हीएसएस' सर्वेक्षणात न दिसणारे भलेमोठे पुंजके खोडदच्या यादीत दिसू लागले. काही शोधनिबंधांनी त्यांवरून विश्वरचनेचा विचारही केला. नंतरच्या विश्लेषणांत हे पुंजके प्रामुख्याने मापातील फरकाचे असल्याचे समोर आले. १९६१ मध्ये नारळीकर ज्या पुंजक्यांबद्दल बोलत होते, त्यांच्या नावाने अर्ध्या शतकानंतर पुन्हा पट्टीचीच तपासणी झाली.

म्हणून यादी निकामी ठरते असे नाही. ज्या कामाला तेजातील १० टक्के फरक अडत नाही, तेथे ती उत्तम चालते. आधी माहीत असलेले २८८ स्पंदक तिच्यात ओळखता आले. वर उल्लेख केलेला 'जे१५३०+१०४९' हा स्रोतही त्यातलाच. १५० मेगाहर्ट्झला ठळक पण उंच वारंवारतेला फारच मंद, अशा नोंदी आयुष सक्सेना आणि सहकाऱ्यांनी वेचून काढल्या, कारण फार दूरच्या रेडिओ दीर्घिका बहुधा अशा असतात. २०१८ मध्ये ही दीर्घिका तोवरची सर्वात दूरची रेडिओ दीर्घिका म्हणून जाहीर झाली. तिच्या लहरी १२ अब्जांहून जास्त वर्षांपूर्वी निघालेल्या आहेत.

दुर्बीण आणि रेल्वे यांचे भांडण कशावरून?

आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो की विजेच्या तारांच्या सैल जोडातून उडणारी ठिणगीही त्याला झाकून टाकते. खोडदची जागा निवडताना शहरांचा गोंगाट डोंगरांनी अडवला जाईल हे पाहिले होते. तेव्हा मोबाइल नव्हते. आता गोंगाट घराघरात आहे. त्यात पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची आखणी नारायणगाव परिसरातून होती. विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे दुर्बिणीला अडथळा होईल या कारणाने ती आखणी सोडून मार्ग दुसरीकडून नेण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाने घेतली. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर भागातील लोकांचा त्यावर रोष आहे आणि तो समजण्यासारखा आहे. मराठवाड्यातल्या वाचकाला रेल्वेची वाट पाहणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. पण एवढ्या लांब लहरींवर इतके बारीक पाहणाऱ्या दुर्बिणी जगात मोजक्या आहेत आणि ही उचलून दुसरीकडे नेता येत नाही. खोडदच्या शेतकऱ्याने जगाच्या कामासाठी सोसलेल्या या किमतीचा हिशेब मात्र कुठल्याच यादीत येत नाही, तो सरकारने द्यायला हवा.

जाफराबादहून यात काही करता येईल का?

येईल. या सर्वेक्षणाची चित्रे इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहेत. डॉ. आनंद होता यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला 'रॅड अ‍ॅट होम' हा उपक्रम विज्ञान-अभियांत्रिकी शिकलेल्या सर्वसाधारण तरुणांना ही चित्रे वाचायला शिकवतो. संगणक ठिपके मोजतो, पण दोन झोतांपैकी एक वाकलेला का, किंवा हा अर्धवट बुडबुडा कुठल्या दीर्घिकेचा, हे अजून माणसाच्या डोळ्याला लवकर कळते. शेजारच्या दीर्घिकेवर एकाच बाजूने रेडिओ बुडबुडा फुंकणारी 'रॅड १२' ही दीर्घिका या उपक्रमातूनच पुढे आली आणि २०२२ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तबकड्या प्रत्यक्ष पाहायच्या तर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरते. जाफराबादपासून खोडद सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटर आहे.

यापुढची मोजणी किती मोठी असेल?

युरोपातील 'लोफार' दुर्बिणीने २०२२ मध्ये उत्तर आकाशाच्या केवळ २७ टक्के भागातून ४४ लाख स्रोत नोंदवले. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहत असलेल्या 'एसकेए' प्रकल्पात भारतही सहभागी आहे आणि त्यासाठी केंद्राने १२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. त्या याद्यांमध्ये नोंदी कोट्यवधी असतील. खोडदच्या तबकड्यांवरही नवे संवेदक बसले असून तीच दुर्बीण आता पूर्वीपेक्षा कितीतरी रुंद पट्ट्यात ऐकते. २०१०-१२ च्या कच्च्या नोंदी मात्र अजून दप्तरात आहेत. तेजाची पट्टी दुरुस्त करून त्याच आकाशाची फेरमोजणी कुणालाही मागता येते, आणि तिला शुल्क लागत नाही.